पिवळ्या गुलाबापाशी उजवीकडे

पाहुणे जेवायला आले ते चुकीच्या बाजूने.

मी नदीकाठी अक्रोडाच्या झाडाखाली चादर अंथरली होती, पाव कापून ठेवला होता आणि उकडलेली अंडी सोलत टेकडीकडे तोंड करून बसले होते. आमचे पाहुणे नेहमी टेकडीवरूनच उतरतात. आधी सायकलची घंटी ऐकू येते, मग द्राक्षांच्या दोन रांगांमधून आमच्या यांची निळी टोपी दिसते आणि मागोमाग उन्हाने लालबुंद, भुकेने कासावीस झालेले सगळे जण. त्या दिवशी मात्र माझ्या पाठीमागून कोणीतरी म्हणालं, "वा, जेवण तयारच आहे की." मी दचकून वळले. सगळे खालच्या डांबरी रस्त्याने आले होते. पुढे पाहुण्यांतले दातांचे डॉक्टर, एका हातात मोबाइल धरून. आमचे हे सर्वांत शेवटी.

"इकडून कसे?" मी विचारलं.

"आधी सगळ्यांना खायला दे," हे म्हणाले. सायकल झाडाला टेकवून नदीवर हात धुवायला गेले आणि बराच वेळ हातच धूत राहिले.

आमचा व्यवसाय साधा आहे. शहरातून लोक येतात, त्यांना सायकली द्यायच्या, दिवसभर द्राक्षबागांमधून फिरवायचं, संध्याकाळी कोणाच्या तरी तळघरात वाईन चाखवायची आणि घरी आणून झोपवायचं. या टेकड्यांमधल्या वाटांवर गाड्या येत नाहीत. तोडणीच्या दिवसांत ट्रॅक्टर फिरतो, एरवी ससे. लोक इतक्या लांबून केवळ काही ऐकू येऊ नये म्हणून येतात, याचं मला सुरुवातीला फार हसू यायचं. कामाची वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली. हे पुढे सायकलवर, मागे पाहुणे, आणि मी सामान नि जेवण गाडीत घालून डांबरी रस्त्याने नदीवर. संसार म्हटला की कोणीतरी अंडी सोलायला लागतंच. त्यामुळे गंमत अशी की जी वाट दाखवून आम्ही पोट भरलं, ती मी कधी पाहिलीच नव्हती. पाहुणे मला सांगायचे, "काय सुंदर वाट आहे हो तुमची," आणि मी "हो ना" म्हणून पाव कापायची.

वाट यांच्या डोक्यात होती. नकाशा नाही, पाटी नाही. वरून पाहिलं तर सगळ्या बागा सारख्या आणि सगळ्या रांगा सारख्या, नवखा माणूस पाचव्या मिनिटाला हरवतो. पण इकडे प्रत्येक रांगेच्या तोंडाशी गुलाबाचं झाड लावतात. शोभेसाठी नाही. वेलींवर भुरी, म्हणजे ती पांढरी बुरशी, यायची असली की ती आधी गुलाबावर दिसते, मग बागवाल्याला औषध मारायला वेळ मिळतो. वरची मोठी बाग ज्यांची, त्यांनी हे गुलाब मन मानेल त्या रंगाचे लावले, म्हणून त्यांना सगळे गुलाबराव म्हणतात. खरं नाव त्यांच्या बायकोला तेवढं माहीत होतं आणि ती आता नाही. तर आमच्या यांची वाट अशी: पांढऱ्या जोडीपाशी सरळ, गर्द लालपाशी खाली, पिवळ्या गुलाबापाशी उजवीकडे. लेकीने एकदा मोबाइलवर सगळी वाट आखून दिली, तर म्हणाले, "वाट मोबाइललाच विचारायची तर लोकांनी माझ्यामागे कशाला यायचं?" लेक गप्प बसली. ती सहसा बसत नाही.

त्या दिवशी काय झालं ते मला पाहुण्यांतल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी सांगितलं. उरलेला पाव कापडात गुंडाळायला मदत करत होत्या. हळूच म्हणाल्या, "ते त्या पिवळ्या गुलाबापाशी थांबले. आम्हाला वाटलं काहीतरी दाखवतील. मग डावीकडे नेलं, परत आणलं, सरळ नेलं, परत आणलं. मग म्हणाले, कोणीतरी गुलाब बदललेत. तुम्ही रागावू नका, पण त्यांचा आवाज मला बरा नाही वाटला. शेवटी डॉक्टरांनी मोबाइल काढला."

घरी आल्यावर यांनी गुलाबरावांचा उद्धार सुरू केला. सायकली धुताना, साखळ्यांना तेल घालताना, चहा पिताना, एकच. "इतक्या वर्षांची ओळख. झाड उपटायच्या आधी माणूस एक शब्द बोलतो की नाही? पाहुण्यांसमोर माझं हसं केलं त्याने."

मीही तापले. आमचे हे चष्मा विसरतात, चहात दोनदा साखर घालतात, परवा तर दुकानात जाऊन नुसतेच उभे राहिले आणि मला फोन करून विचारलं, मी कशाला आलोय. म्हटलं, वय झालं, माझंही कुठे धड राहिलंय. पण टेकडीवरची वाट यांनी चुकायची म्हणजे माशाने पोहायचं विसरायचं. म्हणजे चूक गुलाबरावांचीच. संध्याकाळी मी पदर खोचून भांडायला निघाले.

गुलाबराव शेडमध्ये रबरी नळीने क्रेट धूत होते.

"काय हो भावजी," मी दारातूनच सुरू केलं, "गुलाब बदललेत तर एक शब्द सांगायला काय झालं होतं?"

त्यांनी नळ बंद केला. "कोणी बदलले?"

"तुम्ही. पिवळ्याच्या जागी काय लावलंत?"

"वहिनी, मी कशाला बदलू? तुम्ही सकाळी काय खाल्लंत?"

मी पाहुण्यांची सगळी हकिकत सांगितली. सुरुवातीला ते हसत होते. मग हसायचे थांबले. हात पुसून म्हणाले, "चला, बसा गाडीत."

त्यांच्या पिकअपमधून आम्ही वर गेलो. पिवळा गुलाब जागच्या जागी होता. बुंधा माझ्या मनगटाएवढा, सालीवर शेवाळ. त्याला शेवटची चार-पाच फुलं होती.

"हा तुमची लेक रांगत होती तेव्हाचा," गुलाबराव म्हणाले.

मी त्या झाडाकडे पाहत उभी राहिले. मला भीती वाटली.  चष्मा, साखर, दुकान, सगळं एकदम ओळीने डोळ्यांसमोर आलं, आणि मी ते सगळं वयाच्या नावावर खपवत होते हेही.  गुलाबरावांनी एक वाळकी फांदी मोडली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "घरी सोडू का?"

"नको. चालत जाते."

घरी आल्यावर यांनी विचारलं, "काय म्हणाला?" मी म्हटलं, "भेटले नाहीत." जिभेवर जे आलं ते बोलले.

दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले आणि तासाभराने गुलाबराव दारात हजर. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. बायकोच्या पश्चात हा माणूस इतका नीटनेटका मी पाहिला नव्हता. खुर्चीच्या अगदी टोकावर बसले.

"भाऊ, माफी मागायला आलोय. ते गुलाब मीच बदलले. भुरी आली होती फार. तुम्हाला सांगायचं राहून गेलं."

चहा घेऊन येणारी मी दारातच थांबले. मी त्यांना असं काही करायला सांगितलं नव्हतं. शपथेवर सांगते.

हे त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कधी बदललेत?"

"हे आपलं... गेल्या महिन्यात."

"सगळे?"

"सगळे नाही. पिवळा तेवढा. म्हणजे पिवळ्याच्या जागी पिवळाच लावला, पण... थोडा सरकवून."

"बरं," हे म्हणाले. "पुढच्या वेळी सांगत जा. माणसाची पंचाईत होते."

"चुकलंच माझं," गुलाबराव म्हणाले, एका घोटात चहा संपवला आणि पळ काढावा तसे गेले.

फाटकाचा आवाज झाल्यावर हे म्हणाले, "चांगला माणूस आहे. खोटं बोलायची सवय नाही बिचाऱ्याला."

मी कपबशा गोळा करायला लागले.

"पहाटे तू झोपली होतीस तेव्हा मी वर जाऊन आलो. झाड तेच आहे. पाऊण तास त्याच्यासमोर उभा होतो. उजवीकडे की डावीकडे, काही केल्या आठवेना. शेवटी उतार कुठे आहे ते बघून उतरलो." मग म्हणाले, "तू त्याला सांगितलंस?"

"नाही. मी फक्त भांडायला गेले होते."

"माझ्या बाजूने?"

"मग कोणाच्या?"

हे हसले. हसता हसता त्यांनी टोपी काढून डोळ्यांवर धरली आणि मग बराच वेळ काढलीच नाही. मी खुर्ची जवळ ओढून बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, आम्ही दोघं एकमेकांसमोर फारसे रडलेलो नाही. त्या दिवशी रडलो, आणि मग भूक लागली म्हणून जेवलो.

पुढे जे व्हायचं ते झालं. लेक आली, मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी यांना कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, मागचे पुढचे प्रश्न विचारले आणि आजाराचं नाव सांगितलं. ते नाव मी घरात उच्चारत नाही. हळूहळू वाढेल म्हणाल्या, सायकल चालवायला हरकत नाही, एकटं मात्र जाऊ देऊ नका.

"आई, बंद करा आता हे सगळं," लेक परतीच्या वाटेवर म्हणाली. "माझ्याकडे या राहायला."

"तुझ्या आठव्या मजल्यावर हे काय करतील?"

"विश्रांती."

मागच्या सीटवरून हे म्हणाले, "मी ऐकतोय बरं का. आजार डोक्याला झालाय, कानाला नाही."

त्या आठवड्यातच एका सकाळी, मी गाडीच्या काचा पुसत असताना, हे जवळ येऊन उभे राहिले. "पुढच्या पाहुण्यांबरोबर तू पुढे जा."

"कुठे?"

"टेकडीवर."

"मी? अहो, बाजारातून भाजी आणते मी सायकलवर. त्या वाटेवरचं मला काही माहीत नाही."

"मला आहे ना. अजून आहे. तोवर शिकवतो."

"आणि तुम्ही?"

"मी मागे. मागच्या माणसाला वाट चुकता येत नाही."

गुलाबराव म्हणाले जेवण मी पोचवतो, अंडी सोलायला काय अक्कल लागते. त्यांनी सोललेली अंडी मी नंतर पाहिली. अक्कल लागते. पण तो प्रश्न सुटला, आणि रोज दुपारची कामं आवरली की आम्ही दोघं सायकली काढायला लागलो. यांच्या डोक्यातून वाट जायच्या आत ती माझ्या डोक्यात यायला हवी होती. बाकी मला कशाचीच घाई नव्हती.

पहिल्याच दिवशी टेकडीच्या माथ्यावर हे म्हणाले, "या पहिल्या उतारावर कोणी बोलायचं नाही. नियम आहे." हे मला सांगणं म्हणजे शिक्षाच. मी झोपेतही बोलते असं यांचं म्हणणं आहे. तरी गप्प बसले आणि ब्रेक सोडला. दोन्हीकडे पिवळ्या पडत चाललेल्या वेली, खाली एकामागे एक उतरत गेलेल्या टेकड्या, आणि कानात काहीच नाही, फक्त चाकांचा आवाज आणि तोही आपलाच. उतार संपला तेव्हा माझे डोळे भरून आले होते. वाऱ्याने आलं असेल पाणी, हे म्हणाले, पण वारा नव्हता. इतकी वर्षं हे रोज इथून उतरत होते, आणि मी खाली पाव कापत होते. राग आला, आणि यांच्यावर इतकी माया आली की काय बोलावं कळेना. म्हटलं, "बरी आहे वाट तुमची."

"हो ना," हे म्हणाले.

काही दिवशी यांना सगळं ठाऊक असायचं. कुठे खडी सैल आहे, कुठे सावलीत ओल राहते नि चाक घसरतं, कोणत्या वळणावर पाहुण्यांना पाणी प्यायला लावायचं. काही दिवशी मधेच थांबायचे. एकदा चढावर मी धापा टाकत पोचले तर हे सायकल धरून उभे होते. माझ्याकडे फार अदबीने पाहून म्हणाले, "तुम्ही दमला असाल तर थोडं बसू या."

यांनी मला कधी तुम्ही म्हटलेलं नाही. हा पाहुण्यांशी बोलायचा आवाज होता.

"नाही दमले," मी म्हटलं. "छान वाट आहे तुमची."

"आवडली ना? सगळ्यांना आवडते." आणि बरोबरीने चालवायला लागले. पुढच्या वळणापर्यंत मी पाहुणी होते. वळणावर म्हणाले, "अगं, ब्रेक दाबून धर, इथे खडी आहे," आणि मी मोठ्याने "बरं" म्हटलं. ते कोणाला सांगितलं नाही, लेकीलाही नाही. पण त्या संध्याकाळी मी यांच्या ताटात दोनदा वाढलं, आणि यांनी दोन्ही वेळा खाल्लं.

मग पाहुणे आले. नवरा-बायकोच्या दोन जोड्या, दोघी मैत्रिणी आणि एक म्हातारे शिंपी. दुकान मुलाच्या हाती देऊन शिंपीकाका आयुष्यात पहिल्यांदा सहलीला निघाले होते. सायकल इतकी हळू चालवत की पडत कशी नाहीत याचं नवल वाटावं. आमच्या यांनी त्यांना मागे स्वतःजवळ घेतलं. मी पुढे. निळी टोपी मला देऊ केली होती, मी म्हटलं, तुमच्या डोक्यावर राहू दे, मला घाम येतो.

सकाळी मी टायरमधली हवा दोनदा तपासली. निघताना हे म्हणाले, "प्रत्येक वळणावर मी मागून आवाज देईन. घाबरू नकोस." आणि खरंच दिला. पांढऱ्या जोडीपाशी "सरळ", गर्द लालपाशी "खाली", पिवळ्यापाशी जरा आधीच, "उजवीकडे". पहिल्या उतारावर कोणी बोललं नाही, मीसुद्धा नाही. पुढच्या टेकडीच्या माथ्यावर पाणी प्यायला थांबलो तेव्हा एक मैत्रीण यांना म्हणाली, "काका, तुम्हाला डोळे मिटून जाता येत असेल." हे म्हणाले, "हिला विचारा, आता ती पुढे असते." असं म्हणताना चेहऱ्यावर अभिमान होता, तो माझा होता की वाटेचा, कोण जाणे.

त्यानंतर सिमेंटची पाण्याची टाकी लागते. तिथे दोन वाटा फुटतात. उजवीकडची थेट नदीवर उतरते, जेवणापाशी. डावीकडची टेकडीला पूर्ण वळसा घालते, मधे मोठा चढ, आणि मग नदीच्या वरच्या अंगाला निघते. उजवीकडेच जायचं, हे मला पक्कं पाठ होतं. मी हँडल वळवायला घेतलं आणि मागून खणखणीत आवाज आला, "डावीकडे."

मी वेग कमी केला. सगळ्यांनी ऐकलं होतं. दोघी मैत्रिणींनी हात डावीकडे केलेसुद्धा. खाली गुलाबराव अंड्यांची वाट लावून बसले असणार, शिंपीकाकांना तो चढ झेपेल की नाही देव जाणे. आणि उजवीकडे वळले तर या सगळ्या लोकांदेखत यांचा शब्द खोटा पडणार. मी डावीकडे वळले.

अर्ध्या चढावर मागून कोणीतरी जोरजोरात पायडल मारत येत असल्याचा आवाज आला. हे सगळ्यांना मागे टाकून माझ्या बरोबरीला आले. धाप लागली होती.

"अगं, वाट चुकली," हळू आवाजात म्हणाले.

"हो?"

"टाकीपाशी उजवीकडे होतं. मी डावीकडे म्हटलं."

मी पुढे बघत राहिले.

"तुला माहीत होतं ना?"

"होतं."

"मग वळलीस कशाला?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

 मला वाटलं आता रागावतील, नाहीतर पुन्हा ती टोपी डोळ्यांवर जाईल. यांनी पुढच्या चढाकडे पाहिलं, मग माझ्या चाकाकडे.

"दुसऱ्या गिअरवर घे," म्हणाले. "इथून पुढे जास्त चढ आहे."

आणि एक पाय जमिनीवर टेकवून थांबले. एकेक करून सगळ्यांना पुढे जाऊ दिलं आणि शिंपीकाकांच्या मागे आपल्या जागेवर गेले.

"अजून बरंच आहे का हो?" शिंपीकाकांचा दमलेला आवाज ऐकू आला.

"थोडंच राहिलंय," हे म्हणाले. "पण इकडून आम्ही सगळ्यांना आणत नाही बरं का."

मी दुसऱ्या गिअरवर घेतलं.